बिनमसाल्याचा जोड

आसारामने ठोकळा डाव्या तळहातावर उभा धरला आणि थापीच्या मुठीने त्यावर दोनदा टकटक केलं. हवा तसा आवाज आला नाही. पक्की भाजलेली वीट खणकन बोलते, कच्ची वीट भदभद करते, आणि ती कोणत्या भट्टीतून आली हेसुद्धा आसाराम कधीकधी डोळे मिटून सांगायचा. हा ठोकळा मात्र उशीवर थाप मारावी तसा गप्प राहिला.

“वजन किती हाये याचं?”

“पावणेदोन किलो,” खुशबू म्हणाली. “दोन फूट लांब, एक फूट रुंद, तीन इंच जाड.”

“एवढा मोठा अन् पावणेदोन किलो? आतून पोकळ दिसते.”

“नाही, मोठे बाबा. भरीव हाये. कापून पाहा ना.”

खुशबू ही त्याच्या धाकट्या भावाची, मुन्नाची मुलगी. मुन्ना गावच्या तलावात मासे धरायचा. त्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून तेच चालत आलं होतं. आसाराम तेवढा पाण्यातून बाहेर पडला, गवंडी झाला, आणि पस्तीस वर्षं आंधळगावच्या आजूबाजूच्या गावांत भिंती बांधत राहिला. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने ओळंबा आणि पाणसळ एका गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. तेव्हापासून तो अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या घरांना नावं ठेवायचा. खुशबूने भंडाऱ्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवांचा अभ्यास केला होता. परीक्षा संपवून ती दिवाळीत घरी आली ती गेलीच नाही. बापाच्या रिकाम्या गोठ्यात ती काहीतरी पांढरं पांढरं उगवते, एवढंच गावाला ठाऊक होतं.

आसारामने आरीने ठोकळा मधोमध कापला. आत धानाची तणस होती, बोटभर लांबीची, आणि कोंडा. या दोन्ही गोष्टी तो जन्मापासून पाहत आला होता. पण इथे तणसाची एकेक काडी बारीक पांढऱ्या तंतूंनी शेजारच्या काडीला बांधलेली होती. त्याने चष्मा वर सरकवला आणि ठोकळा नाकाजवळ आणला. त्याचा बाप दारात बसून जाळं विणायचा, तेव्हा गाठीवर गाठ कशी बसते हे तो तासन्‌तास पाहत राहायचा. हे त्याहून बारीक होतं, आणि गाठ कुठेच नव्हती.

“हे कोणं विणलं?” त्याने विचारलं.

खुशबू हसली. “ढिंगरीनं. अळिंबी असते ना, ते ढिंगरी. आपण खातो थे वरचं फूल. खाली हे जाळं असते. तणस उकडून गार केली, त्यात ढिंगरीचं बी मिसळलं अन् साच्यात दाबून ठेवलं. बारा-तेरा दिवसांत ते सगळी तणस धरून घेते.”

“म्हणजे बुरशी.”

“बुरशीच.”

त्याने चुलीतला एक निखारा चिमट्याने उचलून कापलेल्या तुकड्यावर ठेवला. तणस भडकेल अशी त्याची खात्री होती. तुकडा काळा पडला, धुरकटला, जाळ काही झाला नाही. आसारामने खालच्या बाजूला तळहात लावून पाहिला. निखारा विझेपर्यंत हाताला ऊब लागली नाही.

“यावर स्लॅब टाकता येते?”

“नाही. वजन हे घेत नाही. वजन बांबू घेईल, हे फक्त ऊन अडवेल.” मग खुशबू ज्यासाठी आली होती ते तिने सांगितलं. “मोनाताईच्या अंगणवाडीले करायचं हाये. तीन गवंड्यांले विचारलं. सगळे हसले.”

मोना गावची अंगणवाडी सेविका. अंगणवाडी पत्र्याच्या खोलीत भरायची. एप्रिल लागला की दहाच्या पुढे आत उभं राहवत नसे आणि बावीस लेकरं खिचडी हातात घेऊन घरी पळायची. सरपंच वासुदेवरावांनी कामाला होकार दिला होता, पण एका अटीवर: काही इकडचं तिकडं झालं तर सगळं उतरवायचं, पुन्हा बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी रेवताबाईला, आसारामच्या बायकोला, माळ्यावर चढून गोणपाट काढावं लागलं.

गोठ्यातलं काम त्याला वाटलं होतं त्याहून किचकट निघालं. तणस किती उकडायची, किती निथळू द्यायची, साच्यात किती दाबायची, सगळ्याला माप होतं. शेवटचं काम पेटीचं. खुशबूने पत्र्याचं जुनं कपाट आडवं करून त्याखाली कोंड्याची शेगडी बसवली होती. पांढरे झालेले ठोकळे त्यात सहा तास ठेवायचे आणि उष्णतामापकाचा काटा सत्तरच्या खाली उतरू द्यायचा नाही. ती कामासाठी भंडाऱ्याला गेली की पेटी आसारामकडे असायची. तो शेगडीसमोर खाट टाकून बसायचा आणि काट्यावरची नजर हलू द्यायचा नाही.

एका दुपारी पेटी भरताना दोन ठोकळे एकमेकांना चिकटलेले निघाले. आदल्या दिवशी कुणीतरी ते शेजारीशेजारी टेकवून ठेवले होते. खुशबूने मधून सुरी फिरवली तेव्हा करकर आवाज झाला.

“हे कसे चिकटले?”

“जिवंत हायेत ना अजून. शेजारी ठेवले की एकमेकांत वाढतात. आठवडाभर ठेवले असते तर एकच झाले असते.”

“मसाला नाही, सिमेंट नाही, काही नाही?”

“काही नाही.”

आसाराम हातातल्या ठोकळ्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. “मग तसेच कायले नाही बसवत? भिंतीत बसल्यावर जुळतील आपोआप.”

“नाही बाप्पा. जिवंत राहिलं तर पावसाळ्यात ओल लागली की ढिंगरी फुटेल भिंतीले. म्हणून तर पेटीत मारावं लागते.”

तिने दोन्ही ठोकळे पेटीत सरकवले आणि दार लावलं. तिच्या लेखी विषय संपला होता. आसारामच्या डोक्यात तो तिथून सुरू झाला. पस्तीस वर्षांत त्याने पाहिलेली प्रत्येक भिंत जोडात फुटली होती. वीट टिकते, मसाला सुटतो. मुंग्या जोडातून येतात, पाणी जोडातून येतं, पिंपळाचं रोप जोडात रुजतं. लोक शिव्या मात्र गवंड्याला देतात. आणि इथे एक वस्तू अशी होती की जी जोडच शिल्लक ठेवत नव्हती. जेवताना तो भाकरीचे दोन तुकडे कडेला कड लावून ठेवायचा आणि पाहत बसायचा. रेवताबाई म्हणायची, “खाता की खेळता?”

मे महिन्यात त्यांनी छत केलं. बांबूची चौकट आसारामने अशी बांधली की खुशबूला खिळ्याची पेटी उघडावीच लागली नाही. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून ठोकळे चौकटीत बसवले आणि खालून शेणमातीचा पातळ हात फिरवला. मोनाने भिंतीवर तापमापक टांगला. शेजारची धान्याची खोली तशीच पत्र्याची होती, तिथेही एक टांगला. दुपारी बाराला दोन्हींत पाच अंशांचा फरक दिसला. लेकरं साडेबारापर्यंत थांबू लागली. एक-दोघं तर तिथेच आडवी होऊन झोपली, आणि त्यांच्या आया उलट विचारायला आल्या की पोट्टे घरी काहून येऊन नाही राहिले.

जूनच्या शेवटी आतली भिंत घेतली. एका बाजूला खिचडीची चूल, दुसऱ्या बाजूला लेकरांची खोली. मधे ही भिंत आली की धूर आणि आच दोन्ही थांबणार होती. त्या सुमारास खुशबू दहा-बारा दिवस भंडाऱ्यात होती. आसारामने पेटी लावली, काटा सत्तरवर आणला, ठोकळे मोजून आत ठेवले. चार बाहेर राहू दिले.

ते चार ठोकळे त्याने भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात बसवले, कडेला कड दाबून, आणि वरून ओलं पोतं टाकलं. आठ दिवस तो रोज पोतं ओलं करत होता. मोनाने विचारलं तेव्हा म्हणाला, “मुरू देऊन राहिलो.” नवव्या दिवशी पोतं काढलं. त्याने नख फिरवून जोड शोधला. मग सुरीचं टोक घेऊन शोधला. चारही ठोकळ्यांची मिळून एक पाटी झाली होती, पांढरी, मऊशार, चामड्यासारखी. आसाराम कोपऱ्यात उकिडवा बसला होता. गुडघे दुखत होते, तरी तो बराच वेळ तिथून हलला नाही.

खुशबूला सांगायचं होतं. ती आली त्या दिवशी दमलेली होती. दुसऱ्या दिवशी ती एक बातमी घेऊन आली: पंचायत समितीच्या इंजिनिअर मॅडम ऑगस्टमध्ये काम पाहायला येणार आहेत, आणि पसंत पडलं तर तालुक्यातल्या आणखी नऊ पत्र्याच्या अंगणवाड्या तिच्याकडे येतील. ती इतकी आनंदात होती की आसारामने थापी उचलली आणि सगळ्या भिंतीवर शेणमातीचा गिलावा चढवला. मग ते चार कुठले आणि बाकीचे कुठले, हे त्याच्याशिवाय कुणाला कळणं शक्य नव्हतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली. सहाव्या दिवशी सकाळी मोना छत्री न घेता मुन्नाच्या दारात आली.

“खुशबू, चाल लवकर. भिंतीले फुटलं काहीतरी.”

आसाराम पोचला तोवर अंगणवाडीत पंधरा-वीस माणसं जमली होती. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात गिलावा तडकला होता आणि त्या फटीतून ढिंगरीचा घोस बाहेर आला होता, एकावर एक, शिंपल्यांसारखा, राखाडी-पांढरा. चुलीची वाफ आणि पावसाची ओल, दोन्ही त्याला मानवली होती. एक चार वर्षांची मुलगी समोर बसून त्यातली फुलं बोटाने मोजत होती. तिच्या आईने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

“भिंतीले रोग लागला,” कुणीतरी म्हणालं.

“लेकरांच्या छातीत जाईल हे.”

वासुदेवराव छत्री मिटत आत आले. त्यांनी घोसाकडे पाहिलं, मग छताकडे. आवाज चढवला नाही. “खुशबू बेटा, आपलं काय ठरलं होतं?”

खुशबू भिंतीपुढे गुडघ्यांवर बसली होती. तिने एक फूल खुडून वास घेतला, उलटं करून पाहिलं आणि खाली ठेवलं. ती उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“ढिंगरीच हाये, काका. विषारी नाही. पण हे फुटायलेच नाही पाहिजे होतं. म्हणजे पेटीत खोट हाये. काटा सत्तर दाखवते अन् आत तेवढी आच जात नसेल.” तिची नजर वर गेली. “मग वरचेही असेच असतील. आज नाही तर उद्या फुटतील. उतरवते मी सगळं. मोनाताई, शिडी हाये?”

“परवा मॅडम येऊन राहिल्या ना?” मोना म्हणाली.

“फोन करून सांगते, येऊ नका म्हणून.”

शिडी आली. खुशबूने ती भिंतीला लावली. आसाराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. पेटीसमोरच्या दुपारी, काटा, शेगडी, सगळं त्याला दिसत होतं. पेटीत खोट नव्हती. खुशबूने दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला.

“उतर खाली,” तो म्हणाला.

“मोठे बाबा, तुम्ही नोका बोलू आता.”

“उतर म्हणतो ना. पेटी बरोबर हाये.” त्याने पुढे होऊन कोपऱ्यावर हात ठेवला. “हे चार म्या पेटीत घातलेच नव्हते.”

खुशबूने शिडीवरूनच मागे वळून पाहिलं.

“विसरले?” खुशबूने विचारलं.

आसारामला तो शब्द आयता मिळाला होता. म्हातारा माणूस, विसरला, गावाने दोन दिवसांत सोडून दिलं असतं. त्याने टोपी काढली.

“नाही. मुद्दाम नाही घातले. जुळतात का पाहायचं होतं.”

“मी सांगितलं होतं तुम्हाले. ढिंगरी फुटेल म्हणून सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं.”

गर्दीतून कुणीतरी हसलं. वासुदेवरावांनी मान वळवून पाहिलं तसं ते थांबलं. खुशबू शिडीवरून उतरली. ती ओरडेल असं आसारामला वाटलं. तिने ओरडायला हवं होतं.

“बाकीचे?” ती म्हणाली.

“बाकीचे सगळे सहा तास. काट्यावरून नजर हलवली नाही. आण घेतो.”

“आण नोका घेऊ. तुमच्या शब्दावर लेकरांच्या डोक्यावरचं छत नाही ठेवता येत आता.”

हे ती रागाने म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने ते हिशेब सांगावा तसं सांगितलं आणि कामाला लागली. छताच्या बारा ठिकाणांहून आणि भिंतीच्या सहा ठिकाणांहून तिने नखाएवढे तुकडे कापले, उकळलेल्या काचेच्या बरण्यांत ओल्या कापसावर ठेवले, झाकणांवर नंबर लिहिले. वासुदेवरावांनी आठवडाभराची मुदत दिली. तोवर लेकरं समाजमंदिरात बसतील. मॅडमना तिने फोन केला, पण येऊ नका असं सांगितलं नाही. काय झालं ते सांगितलं, आणि पाचव्या दिवशी, बरण्या उघडतील तेव्हा या, म्हणाली.

चार ठोकळे काढायला आसारामलाच बसवलं. त्याने गिलावा खरवडला, बांबूची कामटी सोडवली आणि छिन्नी लावली. पाटी चौकटीतून अखंड निघत नव्हती, म्हणून त्याने जुन्या जोडाच्या जागी, जिथे तो जोड आहे हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, घाव घातला. पाटी फुटली ती तिथून चार बोटं बाजूला. त्याने दुसऱ्या जोडावर घाव घातला. ती पुन्हा बाजूलाच फुटली, ठोकळ्याच्या पोटातून. त्याने मान वर केली. खुशबू पाहत होती. तिने ते पाहिलं होतं. तिने तुकडे पोत्यात भरले आणि पोतं स्वतः उचलून नेलं.

पाचव्या दिवशी बरण्या उघडल्या. छताच्या बारांपैकी एकीतही काही नव्हतं, भिंतीच्या पाचांतही नव्हतं. सहावी, कोपऱ्याची, कापसासकट पांढरी झाली होती. मॅडम पावसातच आल्या. भिंतीतलं भोक पाहिलं, बरण्या पाहिल्या, तापमापकाच्या नोंदी पाहिल्या. छत राहू द्या, म्हणाल्या. पुढचा उन्हाळा आणि पुढचा पावसाळा जाऊ द्या, मग नऊ अंगणवाड्यांचं बोलू. वासुदेवरावांनी मान डोलावली. लेकरं परत आली.

त्या संध्याकाळी खुशबू आसारामच्या अंगणात आली. बसली नाही.

“अंगणवाडीच्या कामाले आता येऊ नका, मोठे बाबा. भोक मी बुजवते.”

“बरं,” तो म्हणाला.

ती गेल्यावर रेवताबाईने चहा आणून ठेवला. तो गार झाला. ओळंबा आणि पाणसळ खुंटीला टांगलेली होती. ती माळ्यावर ठेवायला त्याने तिला सांगितलं नाही, आणि तिनेही आपण होऊन ठेवली नाहीत.

पोळा झाला. धान गर्भात आलं. खुशबू वाटेत दिसली की मान हलवायची, आसारामही हलवायचा. एकदा त्याने लांबून अंगणवाडीचा कोपरा पाहिला. तिने गिलावा सरळ केला नव्हता, हात कच्चा होता. त्याने ते कुणापाशी काढलं नाही.

मग एका सकाळी ती सायकलच्या कॅरिअरला मोठी टोपली बांधून आली. टोपलीत ओल्या फडक्याखाली सहा ठोकळे होते, साच्यातून नुकतेच काढलेले. तिने ते एकेक करून ओसरीवर, सावलीच्या बाजूला मांडले, आणि एक वही ठेवली.

“हे जिवंत हायेत,” ती म्हणाली. “तुमच्या घरी ठेवा. बाहेर कुठंच न्यायचे नाहीत. आठ दिवस जुळू द्या, मग आपण दोघं मिळून पेटीत घालू. तुमची थे पाटी फुटली ती जोडात नाही फुटली. म्या मोजलं होतं.”

“मलेही दिसलं होतं.”

“माहीत हाये.” तिने सायकल वळवली. “रोज काय दिसते थे लिहा. नाही दिसलं तरी लिहा.”

ती गेली. रेवताबाई हात पुसत बाहेर आली आणि ठोकळ्यांजवळ वाकली. बोट लावू का, असं तिने नजरेने विचारलं. त्याने मान डोलावली. तिने लावलं आणि पटकन मागे घेतलं. गार होतं, मऊ होतं.

“जुळलेलं पेटीत मेल्यावर तसंच धरून राहते का सुटते हो?” तिने विचारलं.

“मालूम नाही,” आसाराम म्हणाला.

रेवताबाईने त्याच्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात बांधकामाबद्दल हे उत्तर तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. त्याने ओसरीवर बसकण मारली, दोन ठोकळे कडेला कड लावून सरकवले आणि वही उघडून तिला म्हणाला,

“आज तारीख काय हाये?”